‘पंच बगी’ : एका बालखेळाच्या उगमकथांची चिकित्सा

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील मुलांमध्ये ‘पंच बगी’ अथवा ‘स्लग बग’ या नावाने ओळखला जाणारा एक खेळ आहे. त्याला साहित्य लागत नाही, मैदान लागत नाही, नियम समजावून देणारा कोणी वडीलधाराही लागत नाही. मोटारीतून जाताना किंवा रस्त्याने चालताना फोक्सवॅगन कंपनीची ‘बीटल’ ही मोटार दृष्टीस पडली की जो तिला प्रथम पाहील त्याने खेळाचे नाव मोठ्याने उच्चारावयाचे, बहुधा गाडीचा रंगही सांगावयाचा, आणि शेजारच्या गड्याच्या दंडावर एक गुद्दा हाणावयाचा. उलट गुद्दा चालणार नाही अशी घोषणा त्याच श्वासात केली नाही, तर मार खाणाऱ्यास परतफेडीचा हक्क राहतो. गाडी चुकीची ओळखली तर कित्येक ठिकाणी शिक्षा ओळखणाऱ्यालाच होते. खेळ एवढाच. तो कधी संपत नाही, कारण तो कधी रीतसर सुरूही होत नाही. पुढची गाडी दिसेपर्यंत तो केवळ स्थगित असतो.

इतक्या क्षुल्लक विषयाकडे भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकाने का वळावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या खेळाचा गाभा गुद्द्यात नसून उच्चारात आहे. न बोलता मारलेला गुद्दा हा खेळ ठरत नाही, ती मारामारी ठरते. ठराविक शब्दांच्या उच्चाराने एका कृतीला अधिकार प्राप्त करून देणारी ही मौखिक संहिता आहे, आणि इतर कोणत्याही मौखिक संहितेप्रमाणे तिला पाठभेद आहेत, प्रक्षेप आहेत, आणि गेल्या काही वर्षांत एक बनावट कर्ताही चिकटला आहे. त्या कर्त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पाठभेदांचा विचार करू. ‘पंच’ व ‘स्लग’ या दोन्ही इंग्रजी क्रियापदांचा अर्थ मुठीने प्रहार करणे हाच. ‘स्लग’मध्ये जोर थोडा अधिक. ‘बग’ म्हणजे किडा. या मोटारीच्या गोलाकार पाठीमुळे तिला किड्याची वा भुंग्याची उपमा फार लवकर, म्हणजे ती विक्रीस येण्यापूर्वीच, मिळाली होती. १९३८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जर्मनीतील रस्त्यांवर धावू घातलेल्या या गाड्यांना भुंगेच म्हटले होते. कंपनीच्या लेखी ती दीर्घकाळ केवळ ‘टाइप १’ होती. भुंगा हे नाव तिच्या कर्त्यांनी दिलेले नसून पाहणाऱ्यांनी दिलेले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘बगी’ हे रूप अधिक मनोरंजक. त्यात ‘बग’चे लाडके रूप आहे आणि हलक्या घोडागाडीचे जुने नावही आहे. हाच शब्द इंग्रजी अमलात हिंदुस्थानात येऊन मराठीत ‘बग्गी’ झाला. ‘स्लग बग’ या पाठात स्वरसाम्याचा ठोसा आहे, ‘पंच बगी’त लय आहे. दोहोंपैकी मूळ कोणता, हा वाद घालण्यात मात्र हशील नाही. दोन्ही पाठ एकाच क्रियेचे दोन स्वतंत्र वर्णनपर उच्चार असू शकतात, आणि एकाचा दुसऱ्यापासून उद्भव दाखविणारे ध्वनीचे वा अर्थाचे कोणतेही गमक त्यांत नाही.

आता उगमकथांकडे वळू. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा सर्वांत अलीकडची आहे. ७ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्याच्या प्रक्षेपणात फोक्सवॅगन कंपनीने ‘पंचडब’ नावाच्या मोहिमेची जाहिरात दाखविली. नाना थरांतील लोक रस्त्यात एकमेकांना गुद्दे मारीत गाड्यांचे रंग पुकारतात आणि शेवटी अंध गायक स्टीव्ही वंडर हा विनोदी नट ट्रेसी मॉर्गन यास अचूक गुद्दा मारतो, असा तिचा मजकूर होता. (विनोद असा की अंधाला गाडी दिसली कशी. वस्तुतः जुन्या बीटलचे मागच्या बाजूस बसविलेले वायुशीतल एंजिन इतका विशिष्ट आवाज करी की कान असलेल्या कोणालाही ती ओळखता येई. जाहिरात लिहिणारास आपल्याच मालाची ही खूण आठवली नसावी.) याच मोहिमेत स्लगी पॅटर्सन नावाचा एक वृद्ध पुढे आणण्यात आला व तोच या खेळाचा आद्य प्रवर्तक असे सांगण्यात आले.

हा पॅटर्सन कल्पित आहे. तो कोणा इतिहासकारास सापडलेला नाही. जाहिरातीच्या संहितेत तो जन्मला. त्याचे नावच त्याची कुळी सांगते. ‘स्लग’ या क्रियापदावरून ‘स्लगी’ हे नाव घडवावयाचे आणि मग त्या नावाच्या मनुष्यामुळे क्रियेला हे नाव पडले असे भासवावयाचे, ही रीत महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित नाही. आपल्याकडील स्थलमाहात्म्यांत गावाच्या नावावरून एखादा राक्षस वा ऋषी निर्माण होतो आणि पुढे गावाचे नाव त्याच्यावरून पडले असे सांगितले जाते. मात्र एक फरक आहे. स्थलमाहात्म्य रचणारा त्या स्थळाचा भक्त असतो. येथे रचणारा विक्रेता आहे. जी गोष्ट दोन पिढ्यांच्या मुलांनी कोणालाही न विचारता निर्माण केली व सांभाळली, तिला एक वडील मिळवून द्यावयाचा, आणि तो वडील आपल्या पदरी असलेला दाखवावयाचा, असा हा व्यवहार आहे. जाहिरातीतील थट्टा म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण मौखिक परंपरेच्या अभ्यासकास तसे करता येत नाही, कारण २०१० नंतर नोंदविलेल्या कोणत्याही आठवणीच्या बाबतीत ती बालपणातून आली की दूरचित्रवाणीवरून, हा प्रश्न विचारणे त्यास भाग आहे.

कर्ता नाकारला तर काळ तरी सांगता येतो काय? प्राचीन ग्रंथाचा कर्ता अनिश्चित असता संशोधक त्याच्या पूर्वसीमा व उत्तरसीमा शोधतो. येथे पूर्वसीमा स्वच्छ आहे. १९४९ च्या जानेवारीत बेन पॉन या डच विक्रेत्याने बीटल न्यूयॉर्कला नेली. त्या वर्षी संयुक्त संस्थानांत तिचे अवघे २ नग खपले. दोन गाड्यांवर खेळ उभा राहत नाही. १९५५ मध्ये कंपनीची अमेरिकन शाखा स्थापन झाली. १९५९ मध्ये डॉइल डेन बर्नबॅक या जाहिरातसंस्थेने गाडीच्या लहानपणाचाच गौरव करणारी सुप्रसिद्ध मोहीम सुरू केली, आणि १९६८ मध्ये त्या एका वर्षाचा अमेरिकेतील खप चार लाखांच्या वर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस डिस्ने संस्थेचा ‘द लव्ह बग’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची नायिका म्हणा, नायक म्हणा, एक स्वयंचलित मनाची बीटल होती. या चित्रपटातून खेळ निघाला असेही एक मत आहे. ते टिकण्यासारखे नाही. चित्रपटात गाडीला माणसाचे मन आहे, खेळात ती निव्वळ एक खूण आहे. तिच्या मनाशी मुलांना काही कर्तव्य नाही. चित्रपटाने मुलांचे लक्ष त्या आकृतीकडे अधिक वेधले असेल, एवढेच मान्य करता येते.

पण खपाचे आकडे म्हणजे उगम नव्हे. त्या काळी अमेरिकेत बीटलपेक्षा कितीतरी अधिक संख्येने फोर्ड व शेव्हरोले गाड्या रस्त्यावर होत्या, आणि त्यांच्यावर असा खेळ रुजला नाही. येथे खेळाच्या अंतर्गत गरजांचा विचार करावा लागतो. पाहण्याच्या खेळात लक्ष्यवस्तू अशी हवी की ती क्षणात व दुरून ओळखू यावी आणि तिच्या ओळखीविषयी वाद उद्भवू नये. १९५० च्या दशकात अमेरिकन कारखाने दरवर्षी गाडीचे रूप पालटीत, तिला शेपटीचे पंख लावीत, पुढच्या वर्षी ते वाढवीत. बीटलच्या मागच्या काचेचा आकार तेवढा बदलत गेला. बाह्याकृती तीच राहिली. पाच वर्षांच्या मुलास अक्षरओळख नसली तरी ही आकृती वाचता येई. दुसरी गरज संख्येची. वस्तू फार विरळ असेल तर खेळ विझतो, फार बहुल असेल तर दंड सुजतो. ती इतक्याच अंतराने यावयास हवी की मधल्या काळात गडी बेसावध व्हावा.

तिसरी गरज जागेची आहे, आणि तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. २९ जून १९५६ रोजी अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा संमत झाला व ४१,००० मैलांच्या रस्त्यांची योजना आखली गेली. कुटुंबाने सुटीत शेकडो मैल मोटारीने जावे, आईवडिलांनी पुढे बसावे आणि मुलांनी मागच्या सलग, बाकासारख्या आसनावर तासन् तास काढावे, ही जीवनरीत त्या काळात सर्वसामान्य झाली. नव्या मोटारींत आसनपट्टे सक्तीचे झाले १९६८ मध्ये. लहान मुलांना बांधून बसविण्याचा पहिला राज्यकायदा टेनेसीत १९७८ मध्ये अमलात आला. तत्पूर्वी मागच्या आसनावरील मुले मोकळी होती. एकमेकांच्या हाताच्या अंतरावर, कंटाळलेली, खिडकीला नाक लावलेली, आणि वडिलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी बसलेली भावंडे: या खेळास जो रंगमंच लागतो तो हाच. भावंडाला मारावयाची इच्छा तर कोणत्याही युगात उपलब्ध असते. खेळाने तिला निमित्त दिले, आणि निमित्ताबरोबर मर्यादाही घातली.

संख्येच्या गरजेविषयी वर जे म्हटले ते केवळ तर्क आहे असा आक्षेप येईल. त्याला उत्तर ब्राझीलमध्ये मिळते. त्या देशात बीटलला ‘फुस्का’ म्हणतात. तेथे तिचे उत्पादन १९५९ पासून १९८६ पर्यंत व पुन्हा १९९३ ते १९९६ या काळात झाले आणि तीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. तेथील रस्त्यांवर एके काळी ती इतकी सार्वत्रिक होती की प्रत्येक फुस्कास गुद्दा मारावयाचा म्हटले असते तर मुलांना शाळेत पोचणे कठीण झाले असते. ब्राझीलमध्येही हाच खेळ आहे. पण तेथील सूत्र ‘फुस्का आझूल’ असे आहे, आणि ‘आझूल’ म्हणजे निळा. म्हणजे गुद्दा फक्त निळ्या फुस्काला. अमेरिकेत रंग हा घोषणेचा अलंकार आहे, ब्राझीलमध्ये तो नियमाचा कणा आहे. जेथे वस्तू बहुल झाली तेथे रंगाची चाळणी लावून तिला पुन्हा योग्य तेवढी विरळ केले गेले, असाच याचा अर्थ लावावा लागतो. उलट टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळ चाकण येथे २००९ पासून याच कंपनीच्या मोटारी तयार होऊ लागल्या. परंतु बीटल तेथे बनली नाही, ती परदेशातून येई आणि विरळाच दिसे. मराठी मुलांच्या तोंडी ‘पंच बगी’ आले नाही याचे कारण वेगळे शोधावयास नको.

येथे जुन्या खेळांशी असलेल्या नात्याचा प्रश्न उपस्थित होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकविद्येच्या अभ्यासकांचा कल प्रत्येक बालखेळात एखाद्या प्राचीन विधीचा अवशेष पाहण्याकडे होता. ॲलिस गॉम यांनी १८९४ व १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत लंडन ब्रिजच्या खेळाचे मूळ पायात बळी देण्याच्या चालीत शोधले होते. त्या पद्धतीने पाहू गेल्यास ‘पंच बगी’लाही पूर्वज सापडतात. अमेरिकन मुलांत पांढरे घोडे मोजण्याची जुनी समजूत होती. फॅनी बर्गेन यांच्या १८९६ च्या संग्रहात तिची नोंद आहे. पांढरा घोडा दिसला की बोट ओले करून तळहातास लावावयाचे व त्यावर मूठ आपटून घोडा ‘छापून’ टाकावयाचा, असाही प्रघात होता. घोडागाडी गेली, मोटार आली. आपल्या तळहातावरची मूठ शेजाऱ्याच्या दंडावर गेली. आणि ‘बगी’ या शब्दात घोडा अजून हिणहिणतोच आहे! असा सिद्धान्त मांडण्याचा मोह आवरणे कठीण आहे. पण आवरला पाहिजे. पांढऱ्या घोड्याच्या मोजणीत फलप्राप्तीची आशा होती, ठराविक संख्या पुरी झाली की इच्छा सफल होणार होती. बीटलच्या खेळात कोणतेही फल नाही; आहे ती तत्क्षणीची सत्ता. दोन कृतींत मूठ समान असणे हा वंशाचा पुरावा नव्हे.

इंग्लंडमध्ये १९२२ च्या सुमारास ‘बीव्हर’ या खेळाचे वेड पसरले होते. रस्त्यात दाढीवाला दिसला की ‘बीव्हर’ म्हणून ओरडावयाचे आणि टेनिसप्रमाणे गुण मोजावयाचे. लाल दाढीचा मनुष्य हिरव्या सायकलीवर दिसणे हा त्यातील परमलाभ. नात्याच्या दृष्टीने याचा बीटलशी संबंध जोडणे व्यर्थ आहे; रचनेच्या दृष्टीने मात्र हे उदाहरण बोलके आहे. पहिल्या महायुद्धानंतर तरुण इंग्रज पुरुष गुळगुळीत दाढी करू लागले होते, वृद्धांच्या दाढ्या अजून शिल्लक होत्या. दाढी विरळ झाली होती, नाहीशी झालेली नव्हती. नेमक्या त्याच संधिकाळात ती खेळाचा विषय झाली.

आपल्याकडील बगळ्यांचा खेळही याच जातीचा आहे. संध्याकाळी आकाशातून बगळ्यांची रांग जाताना दिसली की मराठी मुले हाताची नखे एकमेकांवर घासतात, बगळ्यांकडे मागणे मागतात, आणि नखांवर पांढरे ठिपके उमटले की ते बगळ्यांनी दिले असे मानतात. तेथेही जाणारी वस्तू आहे, ठराविक उच्चार आहे, हाताची कृती आहे. येथे उसनवारीची कल्पना कोणी करणार नाही. मग पांढऱ्या घोड्याच्या बाबतीत ती का करावी?

विल्यम वेल्स न्यूएल यांनी १८८३ च्या आपल्या ग्रंथात मुलांची नवनिर्मितिक्षमता व मुलांची सनातनवृत्ती असे दोन गुण शेजारी शेजारी मांडले होते, आणि त्यांत विसंगती मानली नव्हती. या खेळात दोन्ही दिसतात. लक्ष्यवस्तू सर्वस्वी नवी, पण तिच्याभोवतीची न्यायव्यवस्था जुनी. प्रथम पाहणाऱ्याचा हक्क, उच्चाराने हक्क सिद्ध होणे, आणि परतफेडीपासून संरक्षण देणारे वचन, ही सर्व अंगे मुलांच्या राज्यात फार पूर्वीपासून प्रस्थापित आहेत. आयोना व पीटर ओपी यांनी १९५९ च्या ‘द लोअर अँड लँग्वेज ऑफ स्कूलचिल्ड्रन’ या ग्रंथात ब्रिटनमधील शाळकरी मुलांच्या अशा वचनांचा, विशेषतः खेळ थांबविण्याच्या शब्दांचा, प्रदेशवार तपशील दिला आहे. मराठी मुलाचे ‘टाइमप्लीज’ त्याच कुळातले. शब्द उच्चारला की पाठलाग करणाऱ्याला थांबावेच लागते. न थांबणाऱ्याला पुढे कोणी खेळात घेत नाही. रुग्णवाहिका दिसताच कॉलर धरून ठेवण्याची रीतही ओपींनी नोंदविली आहे. म्हणजे मोटारयुगातील वाहनालाही मुलांनी जुन्या शकुनांच्या चौकटीत लीलया बसविले होते.

प्रसाराविषयीही ओपींचे एक उदाहरण निर्णायक आहे. १९३६ च्या डिसेंबरात आठवे एडवर्ड यांनी राज्यत्याग केला, त्यावेळी राजाच्या विवाहप्रकरणावरील एक थट्टेचे कडवे नाताळच्या सुटीपूर्वीच इंग्लंडभरच्या शाळांत पोचले होते. वृत्तपत्रे वा नभोवाणी ते छापणे, म्हणणे शक्यच नव्हते. ते मुलांकडून मुलांकडे गेले. याच्या शेजारी चार्ल्स वॉरेल यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली ‘आय-स्पाय’ पुस्तके ठेवून पाहावी. हे गृहस्थ मुख्याध्यापक होते. रस्त्यावर, समुद्रकाठी काय दिसले त्याची नोंद करावयाची, गुण मिळवावयाचे, वही भरली की ती पाठवून मानचिन्ह मिळवावयाचे, अशी त्यांची योजना असे. तीही पाहण्याचीच क्रीडा, आणि तिने लक्षावधी मुलांना आनंद दिला. तिला कर्ता आहे, वर्ष आहे, छापील नियम आहेत. पण तिच्या प्रत्येक पानावर मोठ्या माणसाची दृष्टी आहे: मुलाने पाहावे ते ज्ञानासाठी. ‘पंच बगी’त ज्ञान नाही, मानचिन्ह नाही, आणि कोणत्याही मुख्याध्यापकाने हा खेळ सुचविला नसता, कारण त्यात भावंडाला मारण्याची मुभा आहे. कर्ता प्रौढ असण्याच्या विरुद्ध याहून सबळ अंतर्गत पुरावा नाही. पॅटर्सन कल्पित आहे हे ठाऊक नसते, तरी संहितेवरूनच तो अमान्य करावा लागला असता.

‘पंचडब’ मोहिमेने खेळाच्या नियमात जो बदल केला तोही याच दृष्टीने तपासण्याजोगा आहे. गुद्दा केवळ बीटललाच नव्हे तर कंपनीच्या कोणत्याही गाडीला मारता यावा, अशी तिची सूचना होती. विक्रीच्या दृष्टीने ती योग्यच. खेळाच्या दृष्टीने ती घातक. इतर गाड्या सर्वसाधारण आकाराच्या. त्या ओळखावयाच्या तर पुढचे चिन्ह वाचावे लागते, तोवर गाडी निघून जाते आणि वाद मागे राहतो. मुलांनी जी वस्तू तिच्या एकमेव आकृतीसाठी निवडली होती तिची जागा व्यापारचिन्हाने घ्यावी, ही अपेक्षा खेळाचे मर्म न कळल्याचेच द्योतक आहे.

जुन्या घडणीच्या बीटलचे उत्पादन मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी बंद झाले, तेव्हा एकूण संख्या २,१५,२९,४६४ झाली होती. त्याच आकृतीची आठवण ठेवून १९९७ पासून काढलेल्या नव्या बीटलची व तिच्या उत्तराधिकाऱ्याची मालिकाही तेथेच जुलै २०१९ मध्ये संपली. मधल्या काळात मुलांपुढे एक नवा पेच उभा राहिला: एंजिन पुढे असलेली, फुलदाणी घेऊन आलेली ही नवी गाडी गुद्द्यास पात्र मानावयाची की नाही? काही ठिकाणी ती पात्र ठरली, काही ठिकाणी नाही, काही ठिकाणी जुनीला दोन गुद्दे व नवीला एक असा तोडगा निघाला. या निवाड्यांसाठी कोणी कंपनीला पत्र लिहिले नाही, पॅटर्सनलाही विचारले नाही. ते मागच्या आसनावरच झाले, बहुधा दंड चोळीत.